मिठागराच्या रस्त्यावरची पंक्चरं

पाऊस गेला की रस्त्यातलं लोखंड वर येतं. चार महिने ते चिखलात दडून असतं. खड्ड्यांत ओतलेल्या विटा-मातीच्या रबरबाटात कुठे काय आहे ते कुणालाच कळत नाही. दसऱ्यानंतर ऊन तापू लागतं, चिखलाची धूळ होते, ती गाड्यांच्या मागे उडून जाते आणि मग खाली उरलेलं दिसायला लागतं. खिळे, तारेचे तुकडे, काचा, पत्र्याची कात्रणं. लोक या दिवसांना ऑक्टोबर हीट म्हणतात. मी मनातल्या मनात पंक्चरचा मोसम म्हणतो. यंदा तो पुन्हा आला आहे. परवा जिन्याखाली उभ्या असलेल्या सायकलवरची धूळ पुसली, मागचं चाक अंगठ्याने दाबून पाहिलं. ते मऊ लागलं, आणि गेल्या वर्षीचा सगळा संताप जसाच्या तसा त्या अंगठ्यातून वर चढला.

सायकल माझी नाही, दादाची आहे. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, विक्रोळीच्या एका कारखान्यात जन्मभर फिटर. काळी, उंच, जड सायकल. मागे कॅरियर, पुढे पितळी घंटी. याच सायकलवर तो कामावर गेला आणि याच सायकलच्या दांड्यावर बसवून त्याने मला शाळेत सोडलं. मला तिच्यातलं काही कळत नव्हतं. मी पुस्तकात डोकं घालून बसणारा, पुढे एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात लागलो. दादा ओळख करून देताना सांगायचा, "हा आमचा बाळू. पुस्तकांचा वॉचमन आसा."

दादा अंथरुणाला लागला तेव्हा त्याने पहिली वाटणी केली ती सायकलची. "उभी रवली तर मरतली ती," म्हणाला. "तू चालव."

मी मुलुंड पूर्वेला राहतो, तो विक्रोळी पूर्वेला राहायचा. मध्ये हायवे, आणि हायवेच्या पलीकडे मिठागरांच्या कडेने जाणारा एक कच्चा रस्ता. मुंबईत असून गावाकडचा वाटावा असा. एका अंगाला तिवरांची झाडी, दुसऱ्या अंगाला मिठाच्या जुन्या वाफ्यांत साठलेलं पाणी, त्यात लांब गुलाबी पायांचे शेकाटे पक्षी. सगळे मला म्हणायचे, लोकलने जा, इतकी काय हौस. हौस नव्हती. आमची दोन्ही घरं स्टेशनापासून लांब, हायवेच्या कडेला. पण खरं कारण तेही नव्हतं. खिडकीखाली पोचलो की मी घंटी वाजवायचो, आणि पहिल्या मजल्यावर पडलेला दादा वहिनींना म्हणायचा, "इलो. माका बसव." वहिनी त्याच्या पाठीमागे दोन उशा लावायच्या. दिवसभरात तो तेवढाच बसायचा. त्या घंटीसाठी बसायचा.

बसायचा तो ऐकण्यासाठी. आजारी पडेपर्यंत पुस्तकाच्या वाटेला न गेलेल्या माझ्या भावाने मला सांगितलं होतं, "तुझ्या त्या कपाटातला एक पुस्तक माका वाचून दाखव. लांबडा बघ. माका येळच येळ आसा." मी ग्रंथालयातून बाद झालेली एक कादंबरी नेली. मुखपृष्ठ गेलेलं, शिवण उसवलेली, पानं दोऱ्याने बांधलेली. कोकणातल्या एका खाडीवर तर चालवणाऱ्या द्वारकेची गोष्ट. तर म्हणजे माणसं पलीकडे नेणारी होडी. त्या खाडीवर पूल व्हायचा आहे, आणि पूल झाला की द्वारकेच्या होडीत कोण बसणार? रोज एक प्रकरण. सकाळी साडेसातला सुरू करायचं, साडेआठला निघायचं, घरी जाऊन अकराला कामावर. डॉक्टरांनी आम्हाला बाहेर बोलावून जे सांगायचं ते सांगितलं होतं. मी गुपचूप प्रकरणं मोजली होती. दादाने मोजली नव्हती, पण त्याला घाई होती हे मला पहिल्याच आठवड्यात कळलं. मी बसलो की कुठवर आलो ते तो विचारायचा, "खंयसर इलांव रे आपण?" आणि मी उठलो की एकच वाद घालायचा. "ती पुलावरसून जावची नाय. बघ तू. मरात, पण जावची नाय."

स्वयंपाकघरातून वहिनी ओरडायच्या, "जाईल हो. न जाऊन सांगते कुणाला? बाई आहे ती. पलीकडे तिची लेक आहे."

"तुका काय कळता त्यातला? भात बघ."

"भातच बघतेय. कान काय भातात घातलेत?"

या तासावर माझा सगळा जीव होता. आणि या तासाच्या वाटेत तो रस्ता होता.

आमच्या बाजूला सध्या सगळ्या जुन्या इमारती पडताहेत. पुनर्विकास. चार मजल्यांच्या जागी चाळीस मजले. जे उभं राहतं त्याची चित्रं फलकांवर झळकतात. जे पाडलं त्याचं काय होतं ते मात्र मिठागराच्या रस्त्यावर जाऊन पाहावं लागतं. पहाटे डंपर येतात, मागचा भाग उचलतात, आणि कुणाचं तरी घर रस्त्याच्या कडेला ओतून निघून जातात. मी त्या ढिगांमधून सायकल काढत असे. कुणाच्या तरी मोरीच्या निळ्या फरश्या, कुणाचा कडाप्पा, गुलाबी रंग लावलेला भिंतीचा तुकडा आणि त्यात अजून ठोकलेला कॅलेंडरचा खिळा. किती वर्षांची कॅलेंडरं त्या खिळ्याने धरून ठेवली असतील. आता तो आडवा पडून माझ्या चाकाची वाट पाहत होता. मला त्या घरांचं वाईट वाटायला हवं होतं. एरवी वाटलंही असतं. पण सकाळी सात वाजता, दादाच्या घरापासून दोन मैलांवर, मागचं चाक रिमवर खडखडत असताना कुणाच्या मोरीबद्दल करुणा वाटत नाही. शिव्या येतात. मी शिव्या देणारा माणूस नाही. त्या महिन्यात मी त्या शिकलो.

पंक्चर होताना आवाज होत नाही, ही त्यातली सगळ्यात चीड आणणारी गोष्ट. काही फुटत नाही. फक्त सायकल जड होते. आधी वाटतं, वारा समोरून असेल. मग वाटतं, आपलंच वय. मग सीटखाली काहीतरी पसरट, लिबलिबीत चालल्यासारखं होतं, आणि तरीही माणूस आणखी दहा पावलं रेटतो, कारण मान्य करायचं नसतं. त्यानंतर उतरणं. चाकाकडे पाहणं. घड्याळाकडे पाहणं.

रस्ता जिथे हायवेच्या सर्व्हिस रोडला मिळतो तिथे पिंपळाखाली बेबीताईंची टपरी आहे. चाळिशीच्या, परभणीकडच्या, कमरेला पदर खोचलेल्या. नवरा रिक्षा चालवतो, पंक्चर त्या काढतात. सकाळी साडेसहाला त्यांचं पाण्याचं घमेलं भरलेलं असतं. पहिल्या पंक्चरला त्यांनी मला "काका" म्हटलं, दुसऱ्याला मी कुठे काम करतो ते विचारून "सर" म्हटलं, आणि तिसऱ्यापासून खेचायला सुरुवात केली.

"या सर. मी म्हटलंच, अजून कसे आले नाहीत. घमेलं वाट बघत होतं."

"लवकर करा हो ताई. भाऊ थांबलाय."

त्या पट्टीने टायरची एक कड सोडवायच्या, ट्यूब ओढून बाहेर काढायच्या, हवा भरून पाण्यात फिरवायच्या. बुडबुड्यांची एक बारीक माळ वर यायची. तिथे बोट ठेवून, घासून, सोल्यूशन लावून त्या फुंकर मारायच्या. मग टायरच्या आतून एकदा झरकन बोट फिरवायच्या आणि थांबायच्या.

"काही लागत नाही हाताला. पण सर, टायर पूर्ण उतरवून बघू का? उलटा करून, उन्हात धरून. दहा मिनिटं लागतील."

"नको, नको. फक्त पॅच मारा. परत येताना बघू."

परत येताना अकराची घाई असायची.

"अहो, मागच्याच जागेच्या शेजारी झालंय," त्यांनी एकदा ट्यूब माझ्यासमोर धरली. "हे बघा. चार पॅच, सगळे एका कोपऱ्यात. एकमेकांच्या मांडीवर बसलेत. रस्त्यावरचा खिळा असा पत्ता विचारून येतो का?"

मी ट्यूबकडे पाहिलंही नसेन. मी रस्त्याकडे पाहत होतो. "त्या डंपरवाल्यांना धरून फटकावलं पाहिजे," मी म्हणालो.

"त्यांना धरा नाहीतर सोडा, टायर तर उतरवू द्या!"

"उद्या, ताई."

त्या माझ्याकडे क्षणभर पाहायच्या आणि पॅचवर अंगठा दाबायच्या. "तुमची मर्जी, सर. शिकलेल्या माणसाला कोण शिकवणार?"

दादाला उशिराचं कारण सांगावंच लागे. त्याला ते आवडायचंही. पुस्तकाच्या गोष्टीत मी शहाणा, पण ही त्याची गोष्ट होती. उशीवर मान वळवून तो तपासणी घ्यायचा. कुठल्या चाकाला? हवा एकदम गेली की हळूहळू? हळूहळू म्हणजे काय लागलं असेल? आणि शेवटी, रोज, "टायर उलटो करून बघितलंस मां?"

"हो," मी म्हणायचो.

"बोट फिरवलंस? तू सोता?"

"फिरवलं रे. काही नव्हतं. चल, वाचूया."

हे खोटं बोलताना मला काहीही वाटलं नाही. वाटायचं, हा आजारी माणूस, याला कशाला त्रास? टायरची चर्चा जितकी लांबेल तितकी द्वारका मागे पडेल. दहा मिनिटं वाचवली की दोन पानं जास्त होतात. मी तेव्हा सगळ्याच गोष्टींचं असं करत होतो. वहिनी म्हणायच्या, चहा घ्या. मी म्हणायचो, नको. डॉक्टर काही समजावून सांगू लागले की मी मान हलवून संपवायचो. माझ्याकडे कशालाच वेळ नव्हता, कारण दादाकडे वेळ नव्हता. मला हे तर्कशुद्ध वाटत होतं.

मग मी नवी ट्यूब घातली. बेबीताईंनी तेव्हाही टायर उतरवायचं नाव काढलं, मी तेव्हाही हात जोडले. दुसऱ्या दिवशी सकाळी तिवरांच्या वळणावर सायकल जड झाली. नवीकोरी ट्यूब. मी सायकल तिथेच आडवी टाकली आणि जमिनीवर बसलो. समोरच्या पाण्यात शेकाटे एका पायावर उभे होते. मला त्यांचाही राग आला. त्या दिवशी ग्रंथालयात बसून मी राडारोड्याबद्दल दोन पानी तक्रार लिहिली, शुद्धलेखन तपासून, तीन ठिकाणी पाठवली. एका ठिकाणाहून उत्तर आलं की ती जागा आमच्या हद्दीत येत नाही. उरलेल्या दोघांनी तेवढंही केलं नाही. मी वाटेत दिसलेला प्रत्येक खिळा उतरून उचलू लागलो. खिशात घालायचो, घरी एका डब्यात टाकायचो. डबा भरत आला. पंक्चर थांबलं नाही. यात मला दुष्टावा दिसू लागला होता; रस्ता माझ्यावर डूख धरून आहे असं मी अगदी गंभीरपणे समजत होतो.

एकूण पाच सकाळी वाया गेल्या. पाच वेळा मी पोचलो तेव्हा साडेआठ वाजून गेले होते आणि फक्त हाक मारून परतलो. पाच प्रकरणं.

पाचवी सकाळ दिवाळीनंतरची. त्या दिवशी बेबीताईंची टपरी बंद होती, त्या गावाला गेल्या होत्या. मी सायकल ढकलत चालत गेलो. ऊन नुसतं भाजत होतं. खिडकीखाली पोचून घंटी वाजवली. वर गेलो तर दादाच्या पाठीमागे दोन उशा लावलेल्या होत्या आणि तो त्यांवरून घसरून एका कुशीला झोपला होता.

"सातपासून बसून होते," वहिनी हलक्या आवाजात म्हणाल्या. "मला म्हणाले, आज पूल पुरो होतलो. झोपले आत्ताच. उठवू का?"

"नको, झोपू दे," मी म्हणालो. "उद्या वाचू."

तो पुरता जागा असा पुन्हा झाला नाही. त्याच संध्याकाळी त्याला ग्लानी आली, आणि आठवडाभराने तो गेला. पुस्तकाची तीन प्रकरणं राहिली. म्हणजे त्या पाच सकाळी हातात असत्या तर ते संपलं असतं आणि वर दोन दिवस उरले असते. दादाने नक्की म्हटलं असतं, "मी तुका सांगललंय." किंवा वहिनींनी म्हटलं असतं. कुणी म्हटलं असतं ते मला माहीत नाही, कारण मी पुढे वाचलं नाही. मुलुंडला आल्यावर पुस्तक दोऱ्याने बांधलं, कपाटावर टाकलं. सायकल जिन्याखाली ठेवली. डब्यातले खिळे भंगारात दिले. वर्षभर लोकलने आलो-गेलो, वर्षश्राद्धाच्या तयारीलाही लोकलनेच गेलो.

श्राद्ध झालं त्यानंतर चार दिवसांनी वहिनींचा फोन आला.

"भाऊजी, एक विचारू? रागावणार नाही ना?"

"विचारा की."

"त्या बाईचं पुढे काय झालं?"

मला आधी कळलंच नाही. "कुठल्या बाईचं?"

"अहो, द्वारकेचं! वर्ष झालं, मी वाट बघतेय तुम्ही आपणहून याल म्हणून. मी काय भिंत होते का तिथे? ओट्याशी उभी राहून सगळं ऐकलंय मी. तुम्ही दोघं तर एकमेकांनाच वाचून दाखवत होतात." मग आवाज जरा खाली आला. "मला वाचता येतं हो, पण ते तुमच्याच आवाजात बसलंय कानात. येता का?"

म्हणून परवा सायकल काढली. हवा भरली, तासाभरात गेली. ढकलत बेबीताईंकडे नेली.

"सर! किती दिवसांनी. कुठे होतात? भाऊ कसे आहेत?"

"गेले. मागच्या वर्षीच. तुम्ही गावाला होतात तेव्हा."

त्यांनी हातातली पट्टी खाली ठेवली. मग घमेल्यातलं जुनं पाणी ओतून दिलं, नवं भरलं. "आज घाई आहे का?" त्यांनी विचारलं.

"नाही."

त्यांनी चाक काढलं, टायर पूर्ण उतरवला, उलटा केला आणि उन्हाकडे धरून इंच इंच वाकवत नेला. मीही शेजारी उकिडवा बसलो. एका जागी त्या थांबल्या. "इथे. तुम्ही बोट फिरवा. दाबून. हळू."

मी फिरवलं. काही लागलं नाही. आणखी दाबलं, आणि बोटाच्या टोकावर रक्ताचा एक थेंब आला.

त्यांनी चिमट्याने ती ओढून काढली आणि माझ्या तळहातावर ठेवली. तार. केसाएवढी बारीक, तांदळाच्या दाण्यापेक्षा लहान. "डंपरच्या टायरातली असते ही," त्या म्हणाल्या. "टायर फुटला की रस्त्यावर सांडते. एकदा शिरली की रबरात दडते. नुसत्या हाताला लागत नाही. माणूस बसला, वजन पडलं, की डोकं वर काढते आणि टोचते. मी सांगत होते ना, सर…" आणि त्या मध्येच थांबल्या.

म्हणजे त्या रस्त्यावर मला एकदाच टोचलं होतं. पुढचं सगळं मी स्वतः चाकात घेऊन हिंडत होतो. डंपर, कचेऱ्या, कॅलेंडरचे खिळे, शेकाटे, सगळ्यांना शिव्या घालून झाल्या होत्या. ते निर्दोष नाहीत. तो रस्ता आजही तसाच आहे, ढीग उलट वाढलेत, आणि ते पाहून माझं डोकं आजही फिरतं. पण दादाची ती पाच प्रकरणं त्यांनी नेली नाहीत. ती मी वाचवलेल्या दहा मिनिटांनी नेली. तो उशीवरून विचारत होता, रोज विचारत होता. जगातल्या ज्या एकाच गोष्टीत माझ्या भावाला माझ्यापेक्षा जास्त कळत होतं, त्या गोष्टीत मी त्याला "हो" म्हणून गप्प बसवत होतो.

आज सकाळी पुस्तक कॅरियरला लावून निघालो. तिवरांच्या वळणाच्या थोडं पुढे सायकल जड झाली. उतरून पाहिलं तर पुढच्या चाकात एक चांगला ठसठशीत खिळा, डोकं चकचकीत. मला हसू आलं नाही. मी त्याला, त्या डंपरला आणि त्याच्या मालकाला गेल्या वर्षी शिकलेल्या सगळ्या शिव्या दिल्या आणि सायकल ढकलत पिंपळाखाली आलो.

बेबीताईंनी खिळा उपटला, ट्यूबला पॅच मारला आणि माझ्याकडे पाहिलं. "खिळा तर मिळाला, सर. बसवू टायर?"

साडेसात वाजत आले होते.

"उतरवा," मी म्हणालो. "बघू आतून."

वहिनींना फोन लावला. "पंक्चर झालंय. दहा-पंधरा मिनिटं उशीर होईल."

"होऊ द्या. चहा तुम्ही आल्यावर टाकते." त्या फोन ठेवतील असं वाटलं, पण ठेवला नाही. "भाऊजी."

"हं?"

"खाली आलात की घंटी वाजवा. तसेच वर येऊ नका."

मी हो म्हणालो. मग टायर मांडीवर घेतला, उन्हाकडे धरला आणि बोट फिरवायला सुरुवात केली.